बालेवाडीतून विश्वचषकाकडे : महिला फुटबॉलमधील पात्रतेचे गणित

पुणे - फुटबॉलच्या महिला विश्वचषक स्पर्धेत खेळण्याचा मान फिलिपिन्सने प्रथम मिळविला तो पुण्यात. ३० जानेवारी २०२२ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात चायनीज तैपेईविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये फिलिपिन्सने ४-३ अशी बाजी मारली. सरिना बोल्डेनने निर्णायक पेनल्टी जाळ्यात धाडली, त्या क्षणी या देशाचे विश्वचषकाचे तिकीट पक्के झाले. फिलिपिन्सच्या पुरुष संघालाही तोवर असे यश कधी लाभले नव्हते. त्याच दिवशी, त्याच मैदानावर दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवून आपली जागा निश्चित केली.

कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत, जैवसुरक्षा कवचात आणि प्रेक्षकांविना झालेल्या या सामन्यांचा पुणेकरांना फारसा पत्ताही लागला नाही. याच स्पर्धेत यजमान असूनही भारतीय संघाला एक सामना खेळून बाहेर पडावे लागले, आणि आशियातील पाच देशांनी महाराष्ट्राच्या भूमीवर विश्वचषक गाठला. असे का व्हावे, याचे उत्तर पात्रतेच्या नियमांत दडलेले आहे. राष्ट्रीय संघ विश्वचषकापर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोचतो, याचा हा आढावा.

जागांची वाटणी

'फिफा' ही जागतिक संघटना विश्वचषक भरविते. परंतु पात्रता स्पर्धा स्वतः घेत नाही. आशिया, युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ओशियानिया तसेच उत्तर व मध्य अमेरिका-कॅरिबियन असे सहा खंडीय महासंघ आहेत. प्रत्येकाला किती जागा द्यायच्या हे 'फिफा' ठरविते आणि त्या जागा कोणत्या पद्धतीने भरायच्या हे त्या त्या महासंघावर सोपविले जाते. म्हणूनच युरोपातील देशाची वाट वेगळी आणि आशियातील देशाची वेगळी असते.

महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला, तेव्हा संघ अवघे १२ होते. १९९९ मध्ये ही संख्या १६ झाली, २०१५ मध्ये २४ आणि २०२३ मध्ये ३२. २०२७ मध्ये ब्राझीलमधील स्पर्धाही ३२ संघांचीच आहे. २०३१ पासून ४८ संघ खेळविण्याचा निर्णय 'फिफा'ने मे २०२५ मध्ये घेतला. संघ वाढले, की खंडांचा वाटाही वाढतो आणि आजवर दाराबाहेर राहिलेल्या देशांना आत येण्याची आशा निर्माण होते.

२०२७ साठीची वाटणी पाहिली, तर हे गणित ध्यानात येते. युरोपला ११, आशियाला ६, आफ्रिकेला ४, उत्तर व मध्य अमेरिका-कॅरिबियनला ४, यजमान ब्राझील धरून दक्षिण अमेरिकेला ३ आणि ओशियानियाला १ अशा २९ जागा थेट आहेत. उरलेल्या तीन जागांसाठी दहा देशांची आंतरखंडीय प्ले-ऑफ स्पर्धा होते. तीत आशिया, आफ्रिका, उत्तर व मध्य अमेरिका-कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिका यांचे प्रत्येकी दोन, तर युरोप व ओशियानियाचा प्रत्येकी एक संघ असतो. थेट प्रवेश थोडक्यात हुकलेल्या संघांसाठी हा शेवटचा दरवाजा होय.

यजमान देशाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. या सवलतीचे मोल किती, हे ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये अनुभवले. बालेवाडीत कोरियाकडून पराभूत होऊन हा संघ उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला. एरवी त्याला पुढच्या प्ले-ऑफच्या फेऱ्यांत नशीब अजमावावे लागले असते. मात्र, २०२३ च्या विश्वचषकाचे यजमानपद न्यूझीलंडसह ऑस्ट्रेलियाकडेच असल्याने त्याची जागा आधीच राखीव होती. पुण्यात हरलेल्या याच संघाने पुढे त्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली.

खंड तितक्या पद्धती

युरोपात २०२७ साठी देशांची तीन श्रेणींत विभागणी करण्यात आली. अव्वल श्रेणीतील चार गटविजेत्यांना थेट प्रवेश आणि उरलेल्या सात जागांसाठी प्ले-ऑफ, अशी ही रचना आहे. प्रत्येक संघाला घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अशा दोन्ही मैदानांवर खेळावे लागते. आफ्रिकेत खंडीय अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचणारे चार संघ थेट पात्र ठरतात. ओशियानियात एकच थेट जागा असते आणि तेथे न्यूझीलंडचे वर्चस्व आहे.

आशियाची पद्धत आफ्रिकेशी मिळतीजुळती आहे. येथे विश्वचषकासाठी स्वतंत्र पात्रता स्पर्धा होत नाही. महिलांची आशिया करंडक स्पर्धा हीच विश्वचषकाची अंतिम पात्रता फेरी ठरते. म्हणजेच एका स्पर्धेतून आशियाचा विजेताही ठरतो आणि विश्वचषकाचे मानकरीही. परिणामी, आशिया करंडकात प्रवेश न मिळालेल्या देशाचे विश्वचषकाचे स्वप्न तेथेच संपते. भारताच्या वाटचालीचा विचार करताना ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते.

पहिली पायरी : बारा संघांत स्थान

आशियाई फुटबॉल महासंघाचे ४७ सदस्य आहेत. आशिया करंडकात २०१८ पर्यंत आठ संघ असत. २०२२ मध्ये भारतात झालेल्या स्पर्धेपासून ही संख्या बारा करण्यात आली. या बारांपैकी काहींना थेट प्रवेश असतो. २०२६ च्या स्पर्धेसाठी यजमान ऑस्ट्रेलिया आणि २०२२ मध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर राहिलेले चीन, दक्षिण कोरिया व जपान यांना तो मिळाला. उरलेल्या आठ जागांसाठी ३४ देश पात्रता फेरीत उतरले. त्यांचे आठ गट पाडण्यात आले. त्यांतील दोन गट पाच संघांचे, तर सहा गट चार संघांचे होते. प्रत्येक गटातून केवळ विजेता पुढे जाणार होता. उपविजेत्याला कोणतीही सवलत नव्हती.

युरोपप्रमाणे या फेरीत घरचा व परका असे दोन सामने होत नाहीत. गटातील सर्व संघ एकाच देशात, एकाच शहरात जमतात आणि दोन आठवड्यांत प्रत्येकाशी एकदा खेळतात. त्यामुळे एका वाईट दिवसाची भरपाई करण्याची संधी जवळजवळ नसते. यजमान संघाला हवामान, मैदान आणि प्रेक्षक या तिन्हींचा लाभ होतो तो वेगळाच.

गट पाडताना 'फिफा'च्या जागतिक क्रमवारीचा आधार घेतला जातो. क्रमवारीनुसार संघ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले जातात आणि प्रत्येक भांड्यातून एकेक नाव काढून गट तयार होतात. ज्याची क्रमवारी चांगली, त्याला आपल्यापेक्षा वरच्या दर्जाचे प्रतिस्पर्धी कमी मिळतात. म्हणूनच मैत्रीपूर्ण सामन्यांनाही महत्त्व येते. जो संघ दीर्घकाळ सामनेच खेळत नाही, त्याचे नाव क्रमवारीतून वगळले जाते. ही नामुष्की २००९ मध्ये भारतीय महिला संघाच्या वाट्यालाही आली होती.

चियांग माईतील चार सामने

२०२५ च्या जून-जुलैमध्ये भारत 'ब' गटात होता. सामने थायलंडमधील चियांग माई येथे झाले. यजमान थायलंड, मंगोलिया, तिमोर लेस्ते व इराक हे प्रतिस्पर्धी होते. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा, तर भारत ७० वा. गटातून एकच संघ पात्र ठरणार असल्याने अखेरची लढत या दोघांतच होणार, हे उघड होते.

क्रिकेटमध्ये गुण समान झाले, की धावगतीकडे पाहिले जाते. फुटबॉलमध्ये तशीच भूमिका गोलफरक बजावतो. केलेल्या गोलमधून स्वीकारलेले गोल वजा केले, की गोलफरक मिळतो. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असे हरविले. मंगोलियाविरुद्ध प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. एकूण गोल २२, स्वीकारलेला एकही नाही. इकडे थायलंडनेही तीन सामन्यांत तेच केले. त्याचेही गोल २२ आणि त्याच्यावरही एकही गोल नाही. गुण नऊ-नऊ, गोलफरक समान, गोलही समान. शेवटच्या सामन्यापूर्वी दोन संघांत तसूभरही अंतर नसावे, असा हा विलक्षण योग होता. तो सामनाही बरोबरीत सुटला असता, तर निर्णय पेनल्टी शूटआउटने झाला असता.

५ जुलै २०२५ रोजी ती वेळ आली नाही. संगीता बासफोरने पहिल्या सत्रात भारताला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरानंतर लगेचच थायलंडने बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला संगीतानेच दुसरा गोल केला आणि भारताने २-१ असा विजय मिळविला. थायलंडवर भारतीय महिलांचा हा पहिलाच विजय ठरला. पात्रता फेरी खेळून आशिया करंडकात स्थान मिळविण्याचीही भारताची ही पहिलीच वेळ होती. १९७९ मध्ये कालिकत येथे आणि १९८३ मध्ये थायलंडमध्ये भारत या स्पर्धेचा उपविजेता होता; परंतु त्या काळी पात्रता फेरीची पद्धतच नव्हती. २०२२ मध्ये प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून.

मंगोलियाविरुद्ध दहावा, अकरावा, बारावा गोल कशासाठी, असा प्रश्न सामान्य प्रेक्षकाला पडू शकतो. त्याचे उत्तर या गटाच्या तक्त्यात आहे. यातील एक गोल जरी कमी पडला असता, तर अखेरच्या लढतीत थायलंडला बरोबरीही पुरेशी ठरली असती. दुबळ्या संघाविरुद्धही अखेरच्या मिनिटापर्यंत गोल करीत राहावे लागते, ते यामुळेच. या बाबतीत भारताने पूर्वी मोठी किंमतही मोजली आहे. एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले येथे ऑलिंपिक पात्रता फेरीत भारताने इंडोनेशिया व नेपाळला हरविले आणि म्यानमारशी ३-३ अशी बरोबरी साधली. एकही सामना न गमावता भारत बाहेर पडला. कारण गुण समान असूनही म्यानमारचा गोलफरक सरस होता.

समान गुणांचा पेच कसा सुटतो?

विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक गुण, हा साधा नियम आहे. पेच येतो तो गुण समान झाल्यावर. आशियाई महासंघाच्या स्पर्धांत अशा वेळी सर्वप्रथम संबंधित संघांमधील आपापसातील लढतीचा निकाल पाहिला जातो. तेथेही समानता असेल, तर गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक आणि त्यानंतर एकूण गोल विचारात घेतले जातात. दोनच संघ बरोबरीत असून त्यांचा शेवटचा सामना एकमेकांशीच होत असेल, तर मैदानावर शूटआउट घेतले जाते. त्यानंतर पिवळ्या व लाल कार्डांवरून शिस्तीचा हिशेब आणि अगदी शेवटी चिठ्ठी, असा क्रम आहे.

या नियमांमुळे एकेका गोलाचे मोल किती वाढते, याचे उत्तम उदाहरण २०२२ मध्ये 'क' गटाने दाखविले. जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि म्यानमार यांच्या या गटाचे केंद्र पुणे होते. व्हिएतनाम कोरियाकडून ०-३ आणि जपानकडूनही ०-३ असा हरला. म्यानमारला जपानने ५-०, तर कोरियाने २-० असे हरविले. परस्परांतील सामना २-२ असा बरोबरीत सुटला. दोघांचाही गुण एक. आपापसातील लढत समान. मग एकूण गोलफरक पाहिला गेला. व्हिएतनामचा उणे सहा, म्यानमारचा उणे सात. अवघ्या एका गोलाच्या फरकाने व्हिएतनाम तिसरा आला आणि म्यानमारचा प्रवास संपला.

भारत बाहेर का पडला?

बारा संघांचे चार-चारचे तीन गट असतात. प्रत्येक गटातील पहिले दोन, असे सहा संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. आठ पूर्ण करण्यासाठी तीन तिसऱ्या क्रमांकांपैकी दोन सरस संघ निवडले जातात. २०२२ मध्ये भारत 'अ' गटात चीन, चायनीज तैपेई व इराणसह होता. २० जानेवारी रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यानंतर संघात कोरोनाचा फैलाव झाला. २३ जानेवारीच्या चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान १३ खेळाडूंची यादीही भारताला देता आली नाही.

स्पर्धेच्या विशेष नियमावलीनुसार संघ उभा करू न शकणे म्हणजे माघार. आशियाई महासंघाने भारताने माघार घेतल्याचे मानले. २६ जानेवारीचा चीनविरुद्धचा सामना रद्द झाला आणि इराणविरुद्धची बरोबरीही नोंदीतून पुसली गेली. ती स्पर्धा केवळ आशिया करंडकाची असती, तर हानी एका स्पर्धेपुरती मर्यादित राहिली असती. मात्र, तीच विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. मैदानावर एकही सामना न हरता भारतीय महिलांची २०२३ च्या विश्वचषकाची संधी संपुष्टात आली. घरच्या मैदानावर, यजमानपदाच्या बळावर मिळालेली ती संधी होती. त्यामुळे तिचे शल्य अधिक होते.

या माघारीचा परिणाम इतर संघांवरही झाला. 'अ' गटात आता तीनच संघ उरले. तिसऱ्या क्रमांकांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून अन्य दोन गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे निकाल हिशेबातून वगळण्यात आले. त्यामुळे व्हिएतनामचा म्यानमारविरुद्धचा गुण गेला. परंतु उणे सहा हा गोलफरक कायम राहिला. इराणला चीनने ७-० आणि चायनीज तैपेईने ५-० असे हरविले असल्याने त्याचा गोलफरक उणे बारा होता. थायलंड आणि व्हिएतनाम पुढे गेले, इराण घरी परतला. एकही सामना न जिंकलेला व्हिएतनाम उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तो जपान व कोरियाकडून मोठा पराभव टाळला म्हणून. पराभवातही गोल रोखण्याचे महत्त्व किती असते, हे यातून दिसते.

उपांत्यपूर्व फेरी : निम्मा गड सर

२०२२ मध्ये उपांत्य फेरीतील चारही संघ थेट पात्र ठरणार होते. त्यानुसार चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स यांनी जागा मिळविल्या. या दोन्ही उपांत्य लढती ३ फेब्रुवारी रोजी बालेवाडीतच झाल्या. कोरियाने फिलिपिन्सला २-० असे, तर चीनने जपानला २-२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरविले. ६ फेब्रुवारी रोजी नवी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला दोन गोलांनी पिछाडीवर असलेल्या चीनने कोरियावर ३-२ अशी मात करून विजेतेपद मिळविले.

पाचव्या जागेसाठी उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघांत प्ले-ऑफ होता. ऑस्ट्रेलिया यजमान म्हणून आधीच पात्र असल्याने व्हिएतनाम, थायलंड व चायनीज तैपेई असे तिघेच उरले. व्हिएतनामने थायलंडला २-० आणि चायनीज तैपेईला २-१ असे हरवून प्रथमच विश्वचषक गाठला. गटात म्यानमारपेक्षा एका गोलाने पुढे राहिलेल्या संघाची ही मजल होती. थायलंड व चायनीज तैपेई यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडमधील आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये आणखी एक संधी मिळाली. परंतु तेथील तीन जागा पोर्तुगाल, हैती व पनामा यांनी पटकावल्या.

२०२७ च्या विश्वचषकासाठी आशियाला सहा थेट जागा असल्याने रचना थोडी बदलली. उपांत्य फेरीतील चार संघ थेट पात्र. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चार संघांत दोन सामने. त्यांतील दोन विजेतेही थेट पात्र आणि दोन पराभूत संघ आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये. याचा अर्थ असा, की उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या कोणत्याही संघाला किमान आंतरखंडीय संधी मिळतेच. आशियातील मध्यम फळीच्या देशांसाठी खरी परीक्षा साखळी फेरीतच असते, ती यामुळे.

२९ जुलै २०२५ रोजी निघालेल्या सोडतीत भारताला जपान, व्हिएतनाम व चायनीज तैपेई यांच्यासह 'क' गटात स्थान मिळाले. २०२२ मध्ये खेळाडूंअभावी जो सामना होऊ शकला नाही, तोच चायनीज तैपेईचा संघ पुन्हा भारतासमोर उभा ठाकला. शिवाय महाराष्ट्रातून विश्वचषकाला गेलेले दोन संघही याच गटात होते.

पात्रतेचा जिना : एका दृष्टिक्षेपात

- पहिली पायरी : जागतिक क्रमवारीच्या आधारे सोडत. आशियात २०२६ च्या स्पर्धेसाठी ३४ देशांचे आठ गट.
- दुसरी पायरी : फक्त गटविजेत्याला आशिया करंडकात प्रवेश. आठ विजेते, यजमान आणि मागील स्पर्धेतील पहिले तीन मिळून बारा संघ.
- तिसरी पायरी : साखळी फेरी. तीन गटांतील पहिले दोन आणि दोन सरस तिसरे संघ उपांत्यपूर्व फेरीत.
- चौथी पायरी : उपांत्य फेरीतील चार संघ विश्वचषकास थेट पात्र.
- पाचवी पायरी : उपांत्यपूर्व फेरीतील पराभूतांत दोन लढती, दोन विजेते थेट पात्र.
- शेवटची संधी : उरलेले दोन संघ आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये, दहा देश, तीन जागा.

जिल्ह्यापासून राष्ट्रीय संघापर्यंत

पात्रतेचे हे गणित मैदानावर सोडविणारा संघ मात्र अचानक तयार होत नाही. जिल्हा संघटनेच्या स्पर्धा, राज्याचा संघ, राष्ट्रीय अजिंक्यपद, क्लब आणि मग राष्ट्रीय शिबिर, असा खेळाडूचा प्रवास असतो. महाराष्ट्रात या खेळाचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच 'विफा' पाहते. वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेतील विजेत्या राज्याला दिल्या जाणाऱ्या करंडकाला राजमाता जिजाबाई यांचे नाव आहे. जिजाबाईंच्या नावाचा हा करंडक मणिपूरमध्ये मुक्कामाला असावा, अशी स्थिती आहे. कारण ही स्पर्धा मणिपूरने वीसहून अधिक वेळा जिंकली आहे.

क्लबच्या पातळीवर इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम २०१६-१७ मध्ये झाला. दिल्लीत झालेल्या त्याच्या अंतिम फेरीतील सहा संघांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा क्लबच बंद पडला. २०१९-२० च्या हंगामात बंगळूरमधील अंतिम फेरीत कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे एफसी हे महाराष्ट्राचे दोन संघ खेळले. २०२३-२४ पासून ही लीग घरच्या व परक्या मैदानांवर खेळविली जाऊ लागली. राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. वर्षाकाठी मोजके सामने खेळणारी खेळाडू आणि महिनोन्महिने स्पर्धात्मक सामने खेळणारी खेळाडू यांच्यातील फरक आंतरराष्ट्रीय लढतीच्या शेवटच्या वीस मिनिटांत दिसून येतो.

कनिष्ठ गटांतही अशीच पात्रता पद्धत आहे आणि तेथे काही शुभचिन्हे दिसली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारला त्याच्याच भूमीवर हरवून दोन दशकांनंतर आशिया करंडकात प्रवेश मिळविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील संघानेही उझबेकिस्तानला २-१ असे हरवून आपल्या गटाच्या आशिया करंडकाचे दार उघडले. याच वयोगटाचा विश्वचषक ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात झाला होता. नवी मुंबई, मडगाव व भुवनेश्वर ही त्याची केंद्रे होती. तेव्हा यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या भारताला अमेरिका, मोरोक्को व ब्राझील या तिघांकडूनही हार पत्करावी लागली आणि एकही गोल करता आला नाही. यजमानपद संघाला मैदानापर्यंत नेते; पुढची वाट त्याला स्वतःच चालावी लागते, हा त्या स्पर्धेचा धडा होता.

फिलिपिन्सची वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. बालेवाडीत पात्र ठरलेल्या या संघाने २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टन येथे यजमान न्यूझीलंडला १-० असे हरवून विश्वचषकातील आपला पहिला विजय नोंदविला. गोल करणारी खेळाडू सरिना बोल्डेनच होती. अठरा महिन्यांपूर्वी तिच्या देशाकडे विश्वचषकाचा कोणताही अनुभव नव्हता.

विश्वचषकातील संघसंख्या ३२ वरून ४८ वर जाईल, तेव्हा पात्रतेची वाट आणखी थोडी रुंदावेल. तथापि, त्या वाटेवर प्रथम क्रमवारी लागते, मग गटविजेतेपद आणि मग गोलफरक. क्रमवारीसाठी नियमित आंतरराष्ट्रीय सामने हवेत, गटविजेतेपदासाठी कसलेला संघ हवा आणि असा संघ घडण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मुलींच्या स्पर्धा हव्यात. फिलिपिन्स आणि कोरिया यांचे भाग्य ज्या मैदानावर उजळले, ते मैदान पुण्यात आहे. त्या मैदानावर पुण्याच्या मुली वर्षातून किती सामने खेळतात, यावर पुढील पात्रता फेऱ्यांतील महाराष्ट्राचा वाटा ठरणार आहे.